दुलईवरचं वजन

बोलतोय तो मी, बाळांचा वजनकाटा. एक पांढरं पसरट ताट, खाली चार रबरी पाय आणि समोर आकडे दाखवणारी छोटीशी काच, एवढाच माझा संसार. आरोग्य केंद्रातून मला नव्या आईबापांकडे महिनाभरासाठी देतात, मग परत नेतात, पुसतात आणि दुसऱ्या घरी धाडतात. अशी किती घरं झाली ते आता आठवतही नाही. एक पाय झिजलाय, काचेवर ओरखडा आहे. मी दमलोय हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुरकुर वाटली तर रागावू नका.

कारखान्यात मला जुळवणाऱ्या बाईनं माझ्यावर एक किलोचं माप ठेवलं, आकडा पाहिला, "बरोबर" म्हणाली आणि पुढच्या काट्याकडे वळली. तेव्हापासून मी कधी आपल्या मनाचं काही सांगितलेलं नाही. माझ्यावर जेवढं येतं तेवढंच मी दाखवतो. या घरात त्याचाच घोळ झाला.

घर तिसऱ्या मजल्यावर, दोन खोल्यांचं. बाबा काचसामानाच्या गोदामात पॅकिंग करतो. पेले, बरण्या, आरसे, सगळं त्याच्या हातून खोक्यात जातं. आई छापखान्यात मुद्रितं तपासते. एखादा स्वल्पविराम हरवला तरी तिला चैन पडत नाही. आणि तिसरी त्यांची मुलगी. तिचं नाव अजून ठरायचं होतं, तोवर बाबा तिला 'पार्सल' म्हणायचा. "माझ्या लेकीला पार्सल म्हणू नकोस," असं आई बजावायची आणि दोन मिनिटांनी स्वतःच विचारायची, "अरे, पार्सलचं झबलं कुठंय?"

तिचा जन्म मी पाहिलेला नाही, पण मला तो पाठ आहे. ज्याचा फोन येईल त्याला ते दोघं सगळं पहिल्यापासून सांगायचे. एकोणीस तास कळा चालल्या होत्या. बाबा बाहेर आईच्या चपला हातात धरून उभा. कुणी बस म्हटलं तरी बसेना. मुलगी झाली हे सांगायला नर्स बाहेर आली, तर हा विचारतो, "या चपला कुठे ठेवू?" हे सांगताना आईला हसू यायचं आणि टाके दुखायचे म्हणून ती मध्येच थांबायची.

जन्माचं वजन दोन किलो नऊशे. चौथ्या दिवशी घरी सोडलं तेव्हा दोन किलो सातशे. डॉक्टर म्हणाले होते, "सुरुवातीला थोडं उतरतंच. चौदाव्या दिवशी दाखवायला आणा. तोवर जन्माचं वजन परत यायला हवं. नाही आलं तर बघू, कदाचित दाखल करावं लागेल." बाकीचं सगळं आई विसरली, तेवढं 'बघू' मात्र तिच्या डोक्यात बसलं.

त्याच दिवशी बाबानं मला केंद्रातून आणलं. आई मला पलंगाजवळ जमिनीवर ठेवायला गेली, तर तो म्हणाला, "थांब, असं टेकवायचं नसतं." गोदामात पंधरा वर्षं काढलेला माणूस. नाजूक वस्तू खाली ठेवायची तर आधी काहीतरी मऊ पसरायचं, ही सवय त्याच्या हातांत मुरलेली. त्यानं दुलईची छान चौपदरी घडी केली आणि मला तिच्यावर अलगद ठेवलं. माझ्या सबंध आयुष्यात मला इतक्या मायेनं कुणी ठेवलं नव्हतं, आणि मी मनातून हादरलो होतो.

कारण मला कडक जमीन लागते. पाय जमिनीवर नीट टेकले तरच सगळा भार पायांवर येतो आणि बरोबर मोजता येतो. दुलईत माझे पाय रुतले, पोट टेकलं. बाळाचा थोडा भार परस्पर दुलईनंच झेलला आणि उरलेला मी इमानदारीनं सांगितला. दोन किलो पाचशे साठ.

आईचं तोंड उतरलं. बाबानं दवाखान्यात फोन लावला. तिकडून कुणीतरी घाईघाईत सांगितलं, "काट्याकाट्यात फरक असतो. एकाच काट्यावर बघत राहा, वाढतंय ना तेवढं बघा." झालं. तेव्हापासून माझी सुटका नाही. पाजायच्या आधी वजन, पाजल्यावर वजन, ढेकर काढल्यावर पुन्हा एकदा. शी झाली की नवा लंगोट घालायच्या आधी वजन. आई एका वहीत बारीक, सुबक अक्षरात सगळं लिहायची. कधी पाजलं, किती वेळ पाजलं, शू किती वेळा झाली, वजन किती. त्या वहीत एक खाडाखोड नव्हती.

पोरगी वाढत होती. मला कळत होतं, ताटात ती रोज जरा जास्त जागा घ्यायची. झबल्याचे बंद आता टोकाला बांधावे लागत होते. पण सातव्या दिवशी मी जरा डुगडुगलो, ती दचकली, हातपाय फेकून रडली. बाबानं लगेच दुलईखाली आणखी एक टॉवेल घातला. नवव्या दिवशी एक उशी. पोरीनं दिवसभर दूध पिऊन जेवढं कमवावं तेवढं बापानं मऊपणाच्या पायी घालवावं, असं चाललं होतं. आकडा जागचा हलेना. पाचशे ऐंशी, पाचशे नव्वद, सहाशे, मग परत पाचशे ऐंशी.

मला बोलता आलं असतं तर मी ओरडलो असतो. त्या दोघांनी माझ्यावर शंका घेतली असती तरी चाललं असतं. पण दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात हयात घालवलेल्या त्या बाईनं माझी तपासणी केली नाही. तिनं स्वतःचीच केली.

"माझ्या अंगावर दूधच नाही रे," ती बाराव्या दिवशी सकाळी म्हणाली. केस विंचरलेले नाहीत, गाऊनवर दुधाचे डाग. "ती पिते, मला वाटतं पोट भरलं, आणि ही बघ, पाचशे नव्वद. मी तिला उपाशी ठेवतेय."

"अगं, असं काय बोलतेस?"

"मग काय बोलू? आकडा समोर आहे."

बाबा खाली जाऊन पावडरीच्या दुधाचा डबा घेऊन आला आणि फळीवर ठेवून दिला. आई त्या डब्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "उद्यापासून मी पाजणार नाही. निदान तिचं पोट तरी भरेल." आणि बाळाला पाळण्यात ठेवून ती भिंतीकडे तोंड करून झोपली. झोपली म्हणजे नुसती पडली, खांदे हलत होते. मी कितीतरी घरं पाहिली, पण त्या सकाळइतकं मला माझं आयुष्य नकोसं कधी झालं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगी रडली, तशी आईनं डबा न उघडता तिला जवळ घेतलंच. दुपारी केंद्रातल्या सिस्टर आल्या. बाळ-बाळंतिणीला घरी येऊन बघणं हे त्यांचं काम. वयानं मोठ्या, जिने चढून धाप लागलेली. आईनं वही पुढे केली. सिस्टरनी चष्मा लावला, दोन पानं वाचली.

"शू दिवसाला आठ-नऊ वेळा?"

"हो."

"मग हे वजन कसं गं असं?" त्यांनी बाळाच्या मांडीला हात लावला, गाल पाहिले, बंदांची टोकं पाहिली. मग वळून माझ्याकडे पाहिलं. उशी, त्यावर टॉवेल, त्यावर दुलई, त्यावर मी. "हा काटा सिंहासनावर कुणी बसवला?"

"मी," बाबा कौतुकाची वाट बघत म्हणाला. "धक्का बसू नये म्हणून."

"काढा ते सगळं."

"पण सिस्टर, तिला गार लागेल."

"गार लागू नये म्हणून दुपटं वर घालायचं असतं. काट्याखाली कसली अंथरुणं घालताय?"

त्यांनी मला उचललं आणि उघड्या फरशीवर ठेवलं. ताटात दुपटं टाकलं, आकडा शून्यावर आणला आणि बाळाला निजवलं. नऊ दिवसांनी माझे पाय जमिनीला लागले होते. तीन किलो चाळीस.

"परत करा," आई म्हणाली. परत तीन किलो चाळीस. तिसऱ्यांदाही तेच.

"मग ती उपाशी नव्हती?"

"कोण म्हणालं उपाशी होती?"

आईनं माझ्याकडे बोट केलं. मला ते लागलं, पण मी समजू शकलो.

बाबानं दुलई उचलून कडेला टाकली. "मीच केलं हे. अगं, मीच." "नऊ दिवस," आई एवढंच म्हणाली आणि हमसून हमसून रडायला लागली. आनंदानं म्हणावं, तर तसंही नाही. माणसाच्या अंगातलं त्राण संपलं की येतं ना, तसलं रडू होतं. सिस्टरनी तिला मनसोक्त रडू दिलं, पाठीवर हात ठेवून बसल्या. मग विचारलं, "आज जेवलीस का?"

आईनं बाबाकडे पाहिलं, बाबानं आईकडे. दोघांनाही आठवेना. वहीत बाळाचं पानच्या पान भरलेलं होतं, पण त्या एका प्रश्नाचं उत्तर कुठेच नव्हतं. सिस्टर उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि जे होतं ते गरम करून ताट तिच्या हातात दिलं.

या गोष्टीला आता आठवडा झाला. डॉक्टरांना दाखवून झालं, 'बघू' म्हणायची वेळ आली नाही. डबा फळीवर तसाच आहे, बंद. बाबानं परवा मला खोक्यात भरलं, चारही बाजूंनी फोम लावून, अगदी निर्यातीचा माल असावा तसं. खोक्यावर त्यानं मोठ्या अक्षरात लिहिलंय, 'घरी गेल्यावर फोम काढा, साध्या फरशीवर ठेवा.' खोक्याचं झाकण अजून उघडंच आहे. सिस्टर येतील तेव्हा मी जाईन.

पुढच्या घरातल्या आईबापांनो, माझं एवढं ऐका. मला आठवड्यातून एकदाच काढा. बाळाची मांडी बघा, गाल बघा, झबल्याचे बंद बघा. आणि जी बाई माझ्यावर बाळ ठेवते, तिनं काही खाल्लंय का, एवढं कुणीतरी विचारत जा. ते माझ्या काचेवर दिसत नाही.

आत्ता दुपार आहे. आई कूस बदलून झोपली होती. पोरीनं नुसतं कुंई केलं, तर डोळे पुरते न उघडताच तिनं तिला ओढून जवळ घेतलं, पदराखाली धरलं आणि पुन्हा डोळे मिटले. पाजून झाल्यावर पोरगी तिच्या छातीवरच झोपली. माझ्याकडे कुणी वळूनही पाहिलं नाही.