भट्टीवाल्याच्या पाठीवरची कातडी

मी एक जुनी कातडी आहे. पाव भाजणाऱ्या एका भट्टीवाल्याच्या अंगावर मी जन्म काढला. आज त्याच्या माकडहाडाखाली, हाड आणि गादी यांच्यामध्ये मी चिरडले जात आहे. मित्रांनो, माझा जीव कासावीस झाला आहे, म्हणून घाईघाईने सांगते.

माझ्या पेशी फट न ठेवता एकमेकींना घट्ट धरून बसतात. तळाशी नव्या जन्मतात, वर सरकतात, वाळून टणक होतात आणि गळून पडतात. जसे काम, तसे माझे रूप. पावाचे तापलेले पत्रे ओढून मी तळहातावर जाड झाले. पापणीवर पातळ राहिले, नाहीतर त्याला डोळा मिटता आला नसता. आतड्याचे आतले अस्तर ही माझी बहीण, ती तर एकाच थराची, कारण तिला अन्नरस आत घ्यायचा असतो. भट्टीवाला तळहात दाखवून म्हणायचा, "हे बघा माझे हातमोजे!" तेव्हा मी फुलून जायचे.

त्याला पुरेशी झोप कधीच मिळाली नाही. लोकांना सकाळी पाव हवा, म्हणून बायको त्याला रोज हलवून उठवायची आणि रोज हळहळायची. मग एकदा पिठाचे पोते उतरवताना तो पायरीवरून पडला. कण्याला मार बसला आणि कमरेखालचे काही कळेनासे झाले. तेव्हापासून बायको लेकीला बजावते, "त्यांना हलवू नकोस गं. जन्मभर झोप मोडली मी त्यांची."

पण माझ्या या वरच्या थरात रक्तवाहिन्या नाहीत. खालून झिरपेल त्यावर मी जगते, आणि दाबाने ती वाट बंद झाली आहे. पूर्वी मी कळ पाठवायचे आणि तो झोपेतच कूस बदलायचा. आता कितीही ओरडले तरी निरोप पोचत नाही. लाल होणे तेवढे माझ्या हाती उरले. झाले लाल. लेक म्हणाली, "घामोळं दिसतंय." तिने पावडर लावून खसाखसा चोळले. माझ्या कितीतरी पेशींची पकड तिथेच सुटली.

आज परिचारिका आली. तिने मला बोटाने दाबून सोडले. लाली हटली नाही.

"काकू, यांना कुशीवर वळवता ना?"

"कशाला? गाढ झोपलेत की."

"कातडी मरायला लागलीय, काकू. उघडली तर जखम हाडापर्यंत जाईल. दर दोन तासांनी वळवा, झोपेत असले तरी. आणि चोळू नका."

 परिचारिका गेल्यावर बायकोने नवऱ्याच्या खांद्याला हात लावला.

"झोपू दे ना गं," तो पुटपुटला.

तिचा हात मागे आला. अगं, ऐकू नकोस त्याचं! मी आतल्या आत आक्रोश केला. तिने डोळे पुसले.

"मला शिव्या द्या हवं तर, पण वळा," ती म्हणाली आणि तिने लेकीला हाक मारली. दोघींनी मिळून त्याला कुशीवर घेतले.

दाब सुटला तसे माझ्याखाली रक्त पुन्हा वाहू लागले, पण सगळीकडे नाही. माझा मधला तुकडा काळसर पडला आहे. तो वाचेल की नाही, मला ठाऊक नाही. कडेच्या पेशी अजून एकमेकींना धरून आहेत.

मित्रांनो, तुमच्या घरी कोणी असे पडून असेल, तर रोज त्याची पाठ बघा. त्याची झोप मोडली तरी चालेल, पण त्याला वळवा.

दोन तास होत आले. आता मी खुब्याच्या हाडाखाली दबले आहे. लेक कामावर गेली आहे आणि बायको खुर्चीत पेंगते आहे. बाई, ऊठ ना गं!