निळी चिकटपट्टी

दार उघडलं आणि आतून अशी धग अंगावर आली, की माझा चष्मा पांढराफटक झाला. बाहेर बर्फ, आत भट्टी. मी चष्मा पुसतोय तोवर घरातल्या म्हाताऱ्या काकांची मुलगी म्हणाली, "मिस्त्री, शेगडीच्या बटणांना कुलूप बसवता येतं का, तेवढंच बघा."

"आधी रोग तर बघू द्या, ताई."

"रोग मला माहीत आहे. बाबा! झोपेतून उठतात, शेगडी वाढवतात आणि विसरतात. परवा खुर्चीतच शुद्ध हरपली होती त्यांची. मी कामावर असताना काही झालं असतं तर? सोमवारी त्यांना वृद्धाश्रमात सोडतेय. ठरलंय सगळं." एवढं बोलून त्या पडद्याकडे बघत राहिल्या. पडद्याची शेगडीकडची कड करपून तपकिरी झाली होती.

काका खिडकीपाशी बसले होते, नुसत्या बनियनवर, दोन्ही हात मांड्यांखाली दाबून. या माणसाने चाळीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. शरद ऋतूत मी शेगडी साफ करायला आलो होतो, तेव्हा माझ्या कार्डावरच्या दोन वेलांट्या त्यांनी उभ्या उभ्या दुरुस्त केल्या होत्या. मला राग आला होता, पण चूक माझी होती.

शेगडीवर एक कागद लावलेला दिसला. सुबक अक्षरात, "हात लावू नये." खाली काकांचीच सही.

"हे कोणासाठी, काका?"

"माझ्यासाठीच. मी वाचतो, आणि तरी लावतो म्हणे."

मी कामाला लागलो. शेगडी पेलेटची. भुसा दाबून केलेल्या नखाएवढ्या कांड्या वरच्या पेटीत ओतायच्या, आतलं मळसूत्र त्या थोड्या थोड्या खाली सोडतं. खोली गार असेल तर जास्त सोडतं, उबदार झाली की कमी. मी आकडे पाहिले. हवं ते तापमान, वीस. खोलीचं तापमान, अकरा.

अकरा? माझ्या पाठीवरून घामाचे ओघळ चालले होते! मी माझा थर्मामीटर टेबलावर ठेवला. तेहेतीस.

"ताई, बटण वीसवरच आहे. कोणी वाढवलेलं नाही."

"परत वीसवर आणून ठेवतात ते. मला कळू नये म्हणून."

घ्या! मी शेगडी बंद केली, निवू दिली, आणि पुढे ओढून मागे बॅटरी मारली. खोलीचं तापमान मोजणारा छोटा मणी एका वायरच्या टोकाला असतो. तो मोकळ्या हवेत लोंबायला हवा. इथे तो बाहेरची गार हवा आत आणणाऱ्या नळीला चिकटवलेला होता. शेगडीला बिचारीला वाटत होतं, खोली गारठलीय. म्हणून ती जीव खाऊन जळत होती.

चिकटवलेला होता निळ्या चिकटपट्टीने. तसलीच पट्टी माझ्या पेटीत होती. मीच लावलेली. शरदात साफ करताना ब्रशच्या आड येत होती वायर, म्हणून दोन मिनिटांसाठी लावली, आणि काकांशी गप्पा मारता मारता शेगडी मागे ढकलून मोकळा झालो.

खोटं कशाला बोलू, एकदा मनात आलं, पट्टी गुपचूप खिशात घालावी आणि म्हणावं, झालं काम. कोणाला कळणार होतं? पण काकांचे ते दाबलेले हात समोर दिसत होते. मी वायर मोकळी केली, शेगडी पेटवली आणि पट्टी ताईंसमोर धरली.

"ही माझी पट्टी. ही माझी चूक. काकांनी कशालाही हात लावलेला नाही. त्यांना कुठेही पाठवायचं कारण नाही."

ताईंनी पट्टीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांचे डोळे भरून आले. "तुम्ही भले आहात, मिस्त्री. पण बाबांनी स्वतः कबूल केलंय."

"अहो, वदवून घेतलंत तुम्ही! रोज एकच गोष्ट ऐकवली तर कोणीही कबूल करेल!" मी ओरडलोच. मग काकांपुढे उकिडवा बसलो. "काका, तुम्ही आयुष्यभर दुसऱ्यांच्या चुका पकडल्यात. ही माझी पकडा. एवढी एक पकडा."

काकांनी मांडीखालचा एक हात काढला आणि माझ्या खांद्यावर ठेवला. हात घामाने ओला होता.

"माझ्यासाठी खोटं बोलू नका. मला आता चांगलं आठवतंय. मी उठलो, अनवाणी आलो, बटण फिरवलं. फरशी गार होती."

मी तासभर समजावलं. चित्र काढून दाखवलं. ताई मान डोलवत होत्या आणि काकांचे कपडे बॅगेत भरत होत्या. तेवढ्यात शेगडीची ज्वाळा हळूहळू खाली बसली. खोलीचा आकडा तेविसावर आला, बाविसावर, मग विसावर येऊन थांबला.

काकांनी तो आकडा वाचला. पहिल्यांदाच हसले. दोन्ही हात परत मांड्यांखाली घातले आणि मला म्हणाले, "बघितलंत? मी हात लावला नाही, की कशी शहाण्यासारखी जळते."