माझ्या गुडघ्यातली निळी पिन

“शंभर पावलं झाली की थांबायचं. खाली उतरून गुडघ्याला तळहात लावायचा, दहा आकडे मोजायचे. हात ठेववत नसेल तर पुढे एक पाऊलही टाकायचं नाही, दादा!”

हा आवाज माझ्या चालकाच्या धाकट्या बहिणीचा. ती कार्यशाळेत फिटर आहे. आणि मित्रांनो, मी एक जुना चालता रणगाडा आहे.

माझा दोन पायांचा थोरला भाऊ पहिल्याच चिखलात कमरेपर्यंत रुतला, तेव्हा कारखान्यातले लोक शहाणे झाले. मला चार पाय मिळाले आणि जेवणाच्या टेबलाएवढे रुंद तळवे. चाकं घसरतात, पट्ट्यांचे रणगाडे दगडांत अडकतात, अशा उतारांवर मी जायचो. धावणं मला कधीच जमलं नाही. चाळीस टनांचा भार गुडघ्यांवर येतो, ते तापतात, ग्रीस वितळून वाहून जातं. म्हणून तो तळहाताचा नेम.

“तुझ्या या म्हाताऱ्याचे गुडघे आईपेक्षा जास्त कुरकुरतात गं,” दादा चिडवायचा.

“आई निदान बोलून दाखवते,” ती म्हणायची.

सात वर्षं नेम मोडला नाही. मग संचलनाचा दिवस आला. आमच्या तुकडीच्या साहेबांनी ग्रीस भरायचा दिवस मला रंगवण्यात घालवला. शंभर पावलांवर दादा थांबला, तसे साहेब ओरडले, “पाहुण्यांसमोर गुडघे चेपत बसतोस? चल पुढे!” एकशे साठाव्या पावलाला माझा पुढचा गुडघा जाम झाला. मी तोंडावर पडलो. दादा माझ्या डोक्यातल्या चालकाच्या जागीच बसलेला होता; तो वाचला नाही.

साहेबांनी गुडघ्याला सील ठोकलं आणि अहवालात लिहिलं: ग्रीस भरपूर होतं, चालकाचा हलगर्जीपणा.

मित्रांनो, मी तुम्हाला क्षमेचे धडे द्यायला हवेत. मला ते जमत नाही. साहेब रोज समोरून जायचे आणि मी एकच मागणं मागायचो, फक्त एक पाऊल. ते मिळालं नाही, हे बरंच झालं. त्यांची थाटात शोकसभा झाली असती आणि दादाच्या नावावरचा डाग तसाच राहिला असता. मला ते जिवंत हवेत, सगळ्यांसमोर मान खाली घालून उभे.

अपघाताची पुन्हा चौकशी होणार अशी परवा कुणकुण लागली, आणि कालच मला भट्टीत घालायचा हुकूम निघाला. मला सुटं करायच्या कामाला बहिणीने आपणहून नाव दिलं. आज सकाळी तिने सील फोडलं. आतली पिन कोरडी ठणठणीत आणि गर्द निळी. पोलाद कोरडं घासून तापलं की असं निळं पडतं. हे कुठलाही तपासनीस ओळखतो.

“ताई, सगळं भट्टीत घालायला सांगितलंय,” मुकादम म्हणाला.

“साहेबांना सांगा, एक पिन कमी भरली.”

मुकादमाने तिच्याकडे पाहिलं आणि पाठ फिरवली. “माझी नजर हल्ली अधू झालीय,” तो पुटपुटला.

मित्रांनो, यंत्रांची निगा राखा. रंग बघणाऱ्यांसाठी असतो. ग्रीस आत बसलेल्या माणसासाठी असतं.

दादाचं नाव स्वच्छ करीन, असा शब्द तिने आईला दिला आहे. तिने पिन फडक्यात गुंडाळली, हात धुतले आणि चौकशी कार्यालयाच्या रस्त्याला लागली.