टेबलाखाली बसलेली आई

मित्रांनो, मी एक जुने टेबल आहे. एका सुताराने मला जीव ओतून घडवले आणि एका आईने मला पसंत करून घरी आणले. ती मुद्रितशोधक होती. छपाईला जाणाऱ्या मजकुरातल्या चुका हुडकणे, हेच तिचे काम. तिच्या नजरेतून साधी वेलांटीही सुटत नसे.

आणि तिच्याच लेकीला, भिंगरीला, धड वाचता येईना. गोष्ट सांगू लागली की ती घरभर हशा पिकवी. पण पुस्तक उघडले की 'बदक'चे 'दबक' होई. "अगं, कालच वाचलास ना हा शब्द? लक्ष कुठे असतं तुझं?" म्हणत आई माझ्यावर हात आपटी. भिंगरी दचके. हळूहळू तिच्या गोष्टी बंद झाल्या. अभ्यासाला बसायचे म्हटले की ती माझ्याखाली लपू लागे.

एकदा मावशी आली असताना भिंगरी खाऊच्या डब्यावरचे नाव चुकीचे वाचून गेली. आई ओशाळून म्हणाली, "आमच्याकडे चुकांचा कारखानाच आहे बाई!" सगळे हसले. भिंगरीही हसली, आणि मग माझ्याखाली जाऊन बसली ती जेवायलाही बाहेर आली नाही.

काही दिवसांनी आई शाळेतून आली आणि माझ्यावर कोपरे टेकून रडू लागली. "तिला डिस्लेक्सिया आहे, अक्षरं ओळखताना गोंधळ होतो तिचा," ती बाबांना म्हणाली. "हुशार आहे ती, फक्त वेगळ्या पद्धतीनं शिकवायला हवं. पण शाळेतल्या समुपदेशक बाईंना तिनं काय विचारलं, माहितेय? 'वाचता आलं की मी आईला आवडेन का?'"

आई उठली, खुर्ची सरकवली आणि वाकून माझ्याखाली शिरली. भिंगरी तिथेच होती. आईला पाहताच तिने पुस्तक ओढून घेतले.

"राहू दे ते. तू आत्ताही मला खूप आवडतेस. मी ओरडले, हसले, ती माझी चूक होती."

"परत ओरडशील?"

"आवाज चढेलही कधी. चढला की तू मला थांबव."

"मी? तुला?"

"हो, तूच."

तेव्हापासून आई वाळूत बोटाने अक्षरे गिरवून घेई, एक ओळ स्वतः वाची, एक तिला वाचू देई. लेक दमली की पुस्तक मिटे. एके दिवशी आवाज चढलाच. भिंगरीने पुस्तक खाली ठेवले आणि ती म्हणाली, "आई, हळू." आईने तिथल्या तिथे तोंड मिटले.

भिंगरी अजूनही सावकाश वाचते. मात्र परवा तिने वर्गात सरळ सांगितले, "मला जरा वेळ लागेल, थांबा," आणि पान पुरे केले. घरी येऊन तिने तो सगळा प्रसंग नकलांसह रंगवून सांगितला. आई हसता हसता डोळे पुसत होती. आपण लेकीला दुखावले, ही तिच्या मनातली बोच काही गेलेली नाही.

मित्रांनो, मी आता कोपऱ्यात पडून असते. त्याचे मला काही वाटत नाही. लाकडावर हात आपटला तर फार तर एखादा चरा पडेल, मनाला लागलेले मात्र सहज बुजत नाही. म्हणून तुमच्या शेजारी कुणी अडखळत वाचत असेल, तर हसू नका. त्याचा शब्द त्यालाच पुरा करू द्या.