कार्लिगाचचा बाळंतखोका

मी एक लाकडी खोका बोलतोय. मला झाकण नाही, कुलूप नाही. माझ्यात कधी कुणी धान्य, कपडे किंवा दागिने ठेवले नाहीत. माझ्यात एक कुत्री व्याली. माझा जन्मच मुळी त्यासाठी झाला.

मी जातीचा पॉपलर. डोंगरातल्या आत-बाशी गावाच्या वरच्या अंगाला, पाटाच्या काठाने पॉपलरची रांग आहे. त्यातलं एक झाड हिवाळ्यातल्या वाऱ्याने आडवं झालं. चांगल्या फळ्या गोठ्याच्या छपराला गेल्या, उरल्यासुरल्या अंगणात भिंतीला टेकून राहिल्या. त्या शेगडीत जायच्याच होत्या, पण त्याआधी झीपारची नजर त्यांच्यावर पडली.

झीपार त्या घरची सून. गावच्या दवाखान्यात बाळंतपणं बघणारी नर्स. नवरा रशियात बांधकामावर, त्यामुळे घरात ती आणि तिचे सासरे एसेनकुल, अशी दोनच माणसं. आणि तिसरी कार्लिगाच. कार्लिगाच म्हणजे पाकोळी. लांब पायांची, काळीभोर, कानांवर रेशमासारखे केस असलेली ताइगान, म्हणजे डोंगरातली शिकारी कुत्री. एसेनकुलच्या वडिलांपासून चालत आलेल्या वंशातली ती शेवटची मादी, आणि तीही आता उतारवयाला लागलेली. हे वेत हातचं गेलं की वंश बुडाला, एवढा साधा हिशेब होता.

झीपार करवत घेऊन अंगणात बसली. एसेनकुल बाकावर चहा पीत होते.

"माणसांच्या बाळंतिणी कमी पडल्या वाटतं," ते म्हणाले. "आता कुत्रीची सुईण व्हायचंय!"

"हो," झीपार म्हणाली आणि करवत चालवत राहिली.

"फळी वाकडी कापतेयस."

"कुत्रीला चालेल, बाबा."

"मला नाही चालायची!" म्हाताऱ्याने उठून करवत हिसकावली. "दे इकडे. लोक म्हणतील, एसेनकुलच्या अंगणात असली भिकार वस्तू बनते."

तिला नेमकं हेच हवं होतं का, देव जाणे. तिच्या तोंडावर काही दिसलं नाही. पण मला जो आकार आला तो त्या म्हाताऱ्या हातांनी. खिळ्यांची डोकी त्याने आत ठोकून बुजवली. कडा काचेच्या तुकड्याने खरवडून इतक्या गुळगुळीत केल्या की एक कुसळ बोटाला लागेना. पुढची बाजू आईला सहज ओलांडता येईल पण पिल्लांना नाही, एवढ्या बेताची ठेवली. तळाखाली चार ठोकळे मारले, म्हणजे जमिनीचा गारठा वर यायला नको.

पुढे झीपार म्हणाली, "आता आतून चारही बाजूंनी दांडी मारायची. तळापासून वीतभर वर, भिंतीपासून वीतभर आत."

"ते कशाला? कुत्री काय दांडीवर कपडे वाळत घालणार?"

झीपारने वीत टाकून दांडीची जागा दाखवली. मग म्हणाली, "गेल्या वर्षीची दोन आठवतायत ना?"

मी गेल्या वर्षी नव्हतो, पण मला बनवतानाच्या दोन दिवसांतल्या कुरबुरीतून मला सगळं कळलं. गेल्या वेताला कार्लिगाच मेंढ्यांच्या गोठ्यात व्याली होती, ओल्या गवतावर. आडवी होताना दोन पिल्लं तिच्या पाठीत आणि भिंतीत चेंगरली. तिला कळलंसुद्धा नाही. उरलेली हगवणीने एकामागून एक गेली. तेव्हा झीपार दवाखान्यात होती आणि एसेनकुल म्हणत होते, कुत्र्या कायम गोठ्यातच व्यायल्यात, आपल्या आजोबांच्या काळापासून.

म्हाताऱ्याने दांडी मारली. चारही बाजूंनी. मग हलवून हलवून पाहिली.

दुसऱ्या दिवशी ते घरातून एक नमदा घेऊन आले. त्यांच्या वारलेल्या बायकोने स्वतःच्या हातांनी लोकर थापून केलेला, मेंढ्याच्या शिंगांची नक्षी असलेला. "हा घाल तळाला. ऊब राहील."

झीपारने नमद्यावरून हात फिरवला. "उकळता येईल हा?"

"नमदा कुणी उकळतं का, वेडी आहेस?"

"मग नको, बाबा. जे उकळता येत नाही ते ह्या खोक्यात जाणार नाही."

म्हातारबुवा नमदा उचलून आत गेले. त्यांना फार लागलं होतं ते. तिलाही लागलं असणार, कारण त्या संध्याकाळी तिने त्यांच्या चहात लोण्याचा गोळा जरा मोठाच टाकला. पण तळाला गेल्या त्या तिच्या जुन्या फाडलेल्या चादरीच.

मला पडवीत ठेवलं, शेगडीपासून थोडं दूर. माझी एक बाजू उबदार, दुसरी जरा गार, म्हणजे पिल्लांना हवं तिकडे सरकता येईल. उंबऱ्याशी ब्लीचिंग पावडरच्या पाण्याची परात आणि रबरी चपलांचा जोड. बाहेरचा बूट आत येणार नाही, बाहेरचा हात पिल्लाला लागणार नाही, असा तिने हुकूम काढला.

"दवाखानाच केलास की माझ्या घराचा," एसेनकुल म्हणाले.

"दवाखाना असता तर तुम्हाला आत घेतलंच नसतं."

बर्फ वितळून अंगणात राड झाली होती, त्या दिवसांत एका दुपारी कार्लिगाच माझ्यात शिरली. गोल गोल फिरली, चादर नखांनी उकरली, झीपारच्या गुडघ्यावर हनुवटी टेकली आणि कण्हू लागली. सहा पिल्लं झाली. शेवटचं निपचित होतं. झीपारने त्याच्या नाकातोंडातला चिकटा पुसला आणि टॉवेलात घेऊन ते चोळत राहिली, चोळत राहिली. एसेनकुल दाराबाहेरून म्हणाले, "सोड, पोरी. गेलं ते." ती ऐकत नव्हती. मग एक किरटा आवाज आला, दाराच्या बिजागरीसारखा. म्हातारा घाईघाईने गोवऱ्या आणायला निघाला.

त्याच रात्री कार्लिगाच थकून माझ्या भिंतीला पाठ लावून पडली, आणि एक पिल्लू मागे राहिलं. मला तिचं सगळं वजन दांडीवर जाणवलं. दांडी करकरली, पण हटली नाही. दांडीच्या खालच्या वीतभर जागेतून ते पिल्लू वळवळत बाहेर आलं आणि आईच्या पोटाकडे निघालं. आयुष्यात मला एकच अभिमान आहे, तो त्या वीतभर जागेचा.

मग रोजचा नेम सुरू झाला. सकाळी चादरी काढायच्या, उकळायच्या, उन्हात टाकायच्या. मला कोमट पाण्याने, साबणाने पुसून कोरडं करायचं. कार्लिगाचची आचळं ओल्या फडक्याने पुसायची. पिल्लांची नखं कापायची, नाहीतर आईला ओरखडे येतात. झीपार कामावर जायच्या आधी हे सगळं उरकायची, परत आली की पुन्हा करायची. वर एसेनकुलचं पालुपद चालूच. "माझ्या चहाला आधण नाही, आणि इथे कुत्र्यांच्या चादरी उकळतायत! गोवऱ्या काय आभाळातून पडतात?" असं म्हणत गोवऱ्या मात्र तेच आणून टाकायचे.

एका दुपारी फाटकाशी घोडा थांबला. दार वाऱ्यासाठी अर्धं उघडं होतं, म्हणून मला सगळं दिसलं. तुर्दाके आला होता, खिंडीपलीकडच्या गावचा, एसेनकुलचा शिकारीतला जोडीदार. दोघं कडकडून भेटले.

"तुझी पिल्लं दाखव रे," तुर्दाके म्हणाला. त्याचा आवाज बसलेला होता. "माझी सगळी गेली. रक्त हगून हगून गेली. शेवटचं कालच पुरलं. घरात बसवेना. म्हटलं, तुझी तरी जिवंत बघून येतो."

झीपार दोरीवर चादरी टाकत होती. हातातली चादर तिने तिथेच सोडली, धावत येऊन उंबऱ्यावर उभी राहिली आणि दोन्ही हात चौकटीला लावले.

"काका, आत येऊ नका."

तुर्दाकेला वाटलं चेष्टा करतेय. तो हसला आणि पुढे आला. ती हलली नाही.

"सूनबाई, बाजूला हो," एसेनकुल म्हणाले.

"नाही होणार. आणि बाबा, तुम्हीही येऊ नका. तुम्ही त्यांना मिठी मारलीय."

"काय म्हणालीस? माझ्याच घरात मला बंदी?" म्हाताऱ्याचा चेहरा लालबुंद झाला. "माझ्या बापाच्या दारातून आजवर पाहुणा परत गेला नाही!"

"मग आज जाऊ दे."

तुर्दाके म्हणाला, "मुली, मी काय रोग विकत फिरतोय?"

"तुमचा दोष नाही, काका. तो तुमच्या बुटाला आहे, बाहीला आहे, खोगिराला आहे. दिसत नाही. तुम्हाला काही होणार नाही. पिल्लांना होईल." तिचे हात चौकटीवर घट्ट होते. "पाया पडते तुमच्या. पण आत नाही."

तिने मागच्या दाराने जाऊन अंगणातल्या बाकावर नान आणि लोणी ठेवलं आणि दूर सरकली. आमच्याकडे समोर आलेला नान कुणी नाकारत नाही, वैऱ्याघरचा असला तरी. तुर्दाकेने उभ्यानेच तुकडा मोडला, तोंडात टाकला.

"नानचा अपमान करत नाही," तो एसेनकुलला म्हणाला. "पण ह्या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही." आणि घोड्यावर बसून निघून गेला.

एसेनकुल दाराकडे वळले. मला वाटलं, आता हा म्हातारा तिला ढकलून आत येणार. त्यांनी टोपी काढली. कोट काढला. बूट काढले. गार वाऱ्यात कमरेपर्यंत उघडे झाले आणि ओरडले, "पाणी आण! गरम! तुझ्या कुत्र्यांच्या वाट्यातलं!"

कपडे धुवायच्या साबणाने त्यांनी अंग घासलं. घासता घासता ब्लीचिंग पावडर शोधून काढणाऱ्याच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. त्यानंतर ते सुनेशी बोलेनासे झाले. पण रबरी चपला घातल्याशिवाय पडवीत कधी आले नाहीत.

खरी परीक्षा पुढेच होती. तीन-चार दिवसांनी सगळ्यात लहान पिल्लाने, त्याच शेवटच्याने, दूध सोडलं. झीपार त्याला चमच्याने पाजत होती, छातीशी धरून ऊब देत होती. सकाळी ते थंड झालं होतं. हगवण नव्हती, रक्त नव्हतं. मुळातच अशक्त होतं की दारातून काही आत आलंच होतं, हे कळायला मार्ग नव्हता.

ती रडली नाही. उरलेली पाच तिने गरम पाण्याच्या बाटलीसकट टोपलीत घातली, सगळ्या चादरी शेगडीत टाकल्या आणि मला अंगणात ओढलं. उकळतं पाणी, मग साबण, मग ब्लीचिंग. घाईत तिने पावडर जरा जास्तच ओतली. माझं रंध्र न् रंध्र पोळलं. मला परत आत नेलं, तर कार्लिगाच नाक फेंदारून शिंकली आणि पाय ठेवीना. झीपार चुकली होती. तो वास पिल्लांच्या छातीला बाधला असता. तिने मला पुन्हा बाहेर नेलं. साध्या पाण्याने धुतलं, पुन्हा धुतलं, ऊन सरकेल तशी कूस बदलत दिवसभर वाळवलं.

एसेनकुलनी ते छोटं पिल्लू पाटाच्या काठी पुरलं. परत आले, हात धुतले, चपला घातल्या आणि तिच्या शेजारी बसून मला घासू लागले.

"ही कड राहिलीय," ते म्हणाले. तुर्दाके गेल्यानंतरचा तो पहिला शब्द.

पाचही जगली. एकालाही हगवण लागली नाही. डोळे उघडले, पाय फुटले, आणि एक दिवस पुढची बाजू ओलांडून ती धपाधप बाहेर पडली. तालुक्याहून गुरांचा डॉक्टर आला, इंजेक्शनं झाली. त्यात दोन माद्या होत्या. एसेनकुल अंगणात बसून त्यांच्याकडे असे बघायचे, जसं कुणी परत मिळालेल्या जमिनीकडे बघतं.

आणि काल तुर्दाके आला. ट्रक घेऊन, नवे बूट घालून. फाटकाबाहेरच उभा राहिला.

"येऊ का, सूनबाई? की कपडे काढू?"

झीपार हसली. तिला हसताना मी क्वचितच पाहिलंय.

"त्या दिवशी घरी गेलो," तुर्दाके म्हणाला, "आणि बायकोला सांगितलं, त्या घरात पुन्हा पाय ठेवणार नाही. ती म्हणाली, मेल्या, ठेवलाच कुठे होतास?" मग मान खाली घालून म्हणाला, "माझी दुसरी कुत्री गाभण आहे. अंगण खणून काढलं, चुना टाकला. बायकोने चादरी फाडून ठेवल्यात. तुझा तो खोका देशील?"

एसेनकुल म्हणाले, "त्यात मी खोगीर ठेवणार होतो." झीपारने त्यांच्याकडे फक्त बघितलं. मग त्यांनीच मला एका बाजूने उचललं.

तर आता मी ट्रकमध्ये आहे, दोरीने बांधलेला, खिंड चढतोय. फळ्या धुऊन धुऊन पांढऱ्या पडल्यात, एक कोपरा सैल झालाय, दांडी शाबूत आहे. ज्या घरातली पिल्लं गेली त्याच घरात चाललोय. भीती वाटत नाही म्हटलं तर खोटं होईल. पण दुसरं कुठलं घर असतं, तर तिथे माझी एवढी गरज नसती.

खिंडीपलीकडच्या बायांनो, तुमच्याकडे एकच मागणं आहे. मला ट्रकमधून उतरवलंत की आधी पाणी उकळायला ठेवा. झीपारने काल संध्याकाळी मला स्वच्छ घासलंय, आज सकाळच्या उन्हात वाळवलंय, माझ्यावर डागही नाही. तरी धुवा.