चुलीत न घातलेले कागद

“बाई, वाया गेलेले कागद चुलीत घाला,” असं आजिनने बजावलं होतं. तेव्हा मलाही ते पटलं नव्हतं. मित्रांनो, मी मेणकागदावर अक्षरं कोरणारी एक जुनी पोलादी लेखणी. मी कोरायचे, मग वरून शाईचा रूळ फिरायचा आणि एकाचे शंभर कागद व्हायचे.

जपानात जन्मले, बोटीने चीनमध्ये आले आणि वूशी शहरात कालव्याकाठी वेइलानबाईंच्या हाती पडले. रेशमाच्या गिरणीतल्या पोरींना त्या घरीच शिकवायच्या. तान्हं बाळ शेजारी टोपलीत. परदेशी पुस्तकांतलं त्या चिनीत उतरवायच्या: काम आठच तास, बाईलाही पुरुषाइतकी मजुरी. असले कागद छापायला सरकारची बंदी होती.

आजिन त्यांची लाडकी. उकळत्या पाण्यातून कोष काढून बोटं पांढरी पडलेली, पण अक्षर मोत्यासारखं. म्हणून कोरणं तिच्याकडे. “आठच तास काम? मग उरलेला दिवस तिकडच्या सुना सासूची बोलणी खातात का?” ती विचारायची. पोरी तिच्या अक्षराचं कौतुक करायच्या आणि मला वाटायचं, कौतुक माझंच.

बाईंनी देव सोडले होते, पूर्वजांपुढची उदबत्तीही. एक गोष्ट मात्र सुटली नव्हती. अक्षर असलेला कागद पायदळी येऊ द्यायचा नाही, तो देवळाच्या भट्टीतच मानाने जाळायचा, हे वडिलांचं वळण.

“भात शिजवायला अक्षरं जाळू होय गं?” बाई हसल्या. देवळासाठी कागद गोळा करणाऱ्या तांगबाबांच्या टोपलीत त्यांनी ते छपाईत वाया गेलेले कागद दोन्ही हातांनी ठेवले. तांगबाबांना वाचता येत नव्हतं. पुलावर त्यांची टोपली तपासणाऱ्या शिपायांना येत होतं.

गिरणीच्या हजेरीपटावर अंगठ्याऐवजी नाव लिहिणारी आजिन एकटीच. कागदांवरचं अक्षर तिच्या सहीशी जुळायला वेळ लागला नाही. भरदुपारी तिला कामावरून उचललं. तिने बाईंचं नाव घेतलं नसावं, कारण इकडे कुणी आलंच नाही.

बाई ठाण्यावर जायला निघायच्या, बाळाकडे बघायच्या आणि उंबऱ्यातून मागे फिरायच्या. शाळा बंद झाली. मला त्यांनी खिडकीशेजारच्या भिंतीत खुंटीसारखं खुपसलं. आता माझ्यावर बाळाची टोपी असते. दोन हिवाळे गेले. आजिन आली नाही.

मला पुसून ठेवा असं मी म्हणणार नाही, गंजल्या लेखणीचं काय एवढं. पण कालव्यापलीकडे, रंगाऱ्यांच्या गल्लीत, आजिनची आई एकटी राहते. शेजारी भीतीने तिच्या दाराकडे बघत नाहीत, बाईही नाहीत. चार दिवस झाले, मला तिच्या छपरावर धूर दिसलेला नाही. मित्रांनो, कुणीतरी जाऊन बघा.