बेलडोहाची पट्टी

आता बेलडोह म्हणून जे दाखवतात ना, तो डोह नव्हे. ते डबकं आहे. माझा नातू परवा तिथून चार बोटं लांबीचे मासे घेऊन आला आणि मोठ्या कौतुकाने माझ्यापुढे टोपली ठेवली. मी त्याला म्हटलं, हे मासे अजून शेंबडे आहेत, यांना आईकडे नेऊन सोड. तो हसला. त्याला वाटलं, म्हातारी थट्टा करते आहे. मी थट्टा करत नव्हते. आमच्या वेळी असलं टोपलं घेऊन काठावर आला असता, तर दोन गावांनी त्याला घरात बसवलं असतं, तीन वर्षं.

वर्धा नदीचं असं आहे की चैत्रात ती तुटते. वाहणं थांबतं, वाळू वर येते आणि कोसा-दीडकोसावर एकेक डोह उरतो. आसपासच्या पाण्यातले मासे जीव धरून त्या डोहात येतात. आमच्या बेलडोहात तर हत्ती बुडेल एवढं पाणी असायचं. काठावर उभं राहिलं की सकाळी मरळ वर येऊन श्वास घेऊन जायची, ते दिसायचं. मला अजून दिसतं. डोळ्यांत मोतीबिंदू पडला तरी ते दिसायचं थांबलं नाही.

अलीकडचा काठ वऱ्हाडचा, निजामाने इंग्रजांच्या हवाली केलेला. पलीकडचा काठ नागपूरकरांचा, भोसल्यांकडून सरकारने घेतलेला. कायदे वेगळे, कचेऱ्या वेगळ्या. डोह मात्र मधोमध आणि कोणाच्याच कागदावर नाही. एकदा कोणी कारकून विचारायला आला होता की डोह कोणाच्या हद्दीत धरायचा. दोन्ही काठांचे भोई गप्प बसले. त्यांना ठाऊक होतं, कोणाचा नाही म्हटलं की सगळे ओरबाडतात, आणि एकाचा म्हटलं की दुसरा रात्री येऊन ओरबाडतो.

म्हणून त्यांनी आपापसात ठरवलं होतं. आषाढ-श्रावणात, माशांच्या पोटात अंडी असताना, डोहात जाळं टाकायचं नाही. आणि जाळ्याचं घर, म्हणजे गाठीगाठींमधलं भोक, तीन बोटांपेक्षा लहान ठेवायचं नाही, म्हणजे पिल्लं निसटून जातात. बोटं काय, कोणाची जाड, कोणाची बारीक. म्हणून बाभळीची तीन बोटं रुंद एक पट्टी तासून तिचे दोन तुकडे केले. एक तुकडा अलीकडच्या नत्थुजींकडे, एक पलीकडच्या लहानुजींकडे. आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं वाळूत जमायची, सगळी जाळी पाण्यात बुडवून काढायची, आणि या काठाने त्या काठाची जाळी मोजायची, त्याने याची. घरातून पट्टी आरपार गेली तर जाळं खरं. अडली तर जाळं तिथेच जाळायचं आणि ज्यांचं जाळं त्या कुटुंबाने तीन वर्षं डोहाचं तोंड बघायचं नाही. मग उरलेल्यांनी पहिलं जाळं टाकायचं, आणि जे निघेल ते दोन्ही गावांनी वाळूतच रांधून एका पंगतीत खायचं.

लहानुजी माझे वडील. नत्थुजी माझे सासरे. हा ठराव पक्का राहावा म्हणून मला या काठावर दिली होती. लोक कागदावर अंगठा उठवतात, यांनी माझं लग्न लावलं. माझी सासू गोदाबाई मला पहिली दोन वर्षं नावाने हाक मारत नसे. ‘पल्याडची’ म्हणे. पल्याडचीनं भाकरी जाळली, पल्याडची पाण्याला गेली. मी रडायची नाही, पण माझ्या हातची भाकरी तेव्हा खरंच जळायची.

मला एकच गोष्ट झकास यायची, जाळं विणणं. बाने शिकवलं होतं. आमच्यात बायका सूत कातायच्या, विणायचे पुरुष. पण बाला मुलगा नव्हता आणि माझा हात डावखुरा असूनही त्याने मला मांडीशी बसवून एकेक गाठ शिकवली. माझ्या गाठी उलट्या पडायच्या. बा म्हणायचा, पडू दे, माशाला काय समजतं.

मग कापसाचे ते वेडे दिवस आले. सात समुद्रांपलीकडे कुठेतरी लढाई जुंपली आणि आमच्या काळ्या मातीतल्या बोंडाला सोन्याचा भाव आला, असं लोक सांगत. ज्याला त्याला कापूस पेरायचा होता. अमरावतीच्या बाजाराला जाणाऱ्या गाड्यांची रांग नदीच्या उतारापासून दिसेनाशी होईपर्यंत असायची. लोकांनी बांधापर्यंत, अंगणापर्यंत कापूस लावला. आणि शेताच्या कडेला जो चार हात ताग असायचा, तो कोणी पेरला नाही. आमची जाळी तागाच्या सुताची. ताग संपला तशी जाळी फाटली ती फाटलीच. त्यातच खाली नदीवर आगगाडीच्या पुलाचं काम निघालं, शेकडो माणसं आली, आणि मासे मागतील तेवढे थोडे पडू लागले.

आमच्या घरचं जाळं त्या वर्षी पार कुजलं. सासरे चिंतेत. तेव्हा मी डोकं चालवलं. गाड्यांतून सांडलेला कापूस वाटेवरच्या बाभळींना अडकून बसायचा. मी हिवाळाभर तो वेचला, कातला आणि जाळं विणलं. तागाचं सूत भिजलं की थोडं आवळतं, म्हणून जवभर सैल विणायचं, हे बाने शिकवलेलं. मी कापसालाही तेवढंच सैल ठेवलं. भिजवून पाहिलं नाही. नवं जाळं आखाजीआधी पाण्याला लावायचं नसतं, ही आमची रीत. दोन्ही गावांच्या देखत त्याने पहिल्यांदा पाणी प्यायचं. माझे मालक (नाव घेऊ नये, पण आता रागावणार कोण, चंद्रभान) जाळं खांद्यावर टाकून अंगणात दोन फेऱ्या मारून आले. सासूने पहिल्यांदा हात लावून पाहिलं आणि म्हणाली, “मैने, बरं जमलं वं.” नावाने म्हणाली. मी त्या दिवशी जेवलेच नाही, इतकं पोट भरलं होतं.

वाळूत बाने जाळं हातात घेतलं. गाठी पाहताच त्याला कळलं कोणी विणलं ते; उलट्या गाठी सबंध नदीकाठी एकीच्याच. तो माझ्याकडे बघून हसला. जाळं पाण्यात बुडवून वर काढलं, घरात पट्टी घातली आणि पट्टी अडली. त्याने दुसरं घर घेतलं, तिसरं घेतलं. कापूस तागाच्या दुप्पट आवळला होता. अंगठ्याने जरा ताणलं असतं तरी पट्टी गेली असती. दोन्ही गावं बघत होती, पण त्याच्या अंगठ्याजवळ कोणी उभं नव्हतं. मी त्या अंगठ्याकडे बघत राहिले.

बा म्हणाला, “पट्टी जात नाई.”

सासरे पुढे झाले. ताग मिळाला नाही म्हणून कापूस घेतला, लबाडी नाही, पोरीची चूक आहे, असं त्यांनी सांगितलं. बाने मान वर केली नाही. “नत्थुजी, पिल्लू अडकलं त त्याले सूत काहाचं हाय थे समजत नाई.” आणि त्याने स्वतःच्या हाताने काडी लावली. ओलं जाळं लवकर पेटेना. तीनदा लावावी लागली.

घरी येताना मला धडकी भरली होती, आता सासू मला काय म्हणेल. तीन वर्षं डोह बंद, ते माझ्यापायी. पण मी अंगणात पाऊल ठेवलं आणि माझ्याच तोंडातून बाला अशा शिव्या निघाल्या की शेजारच्या बायका कुडाशी येऊन उभ्या राहिल्या. तो माझा कोणी नाही, त्याच्या दारात मी पाणीसुद्धा पिणार नाही, असं मी बोलले. सासू ऐकत राहिली. मग उठली, मला हाताला धरून आत नेलं आणि माझ्या भाकरीवर तेल वाढलं. त्या दिवसापासून मी पल्याडची राहिले नाही.

तीन वर्षं हालाची गेली. मालक अमरावतीला कापसाचे गठ्ठे उचलायला गेले, खांद्यावर कायमचे वळ घेऊन आले. आम्ही बायकांनी तळ्यात शिंगाडे लावले. सासरे मात्र दर आखाजीला पट्टी घेऊन वाळूत जात, कारण मोजणं चुकवायचं नव्हतं. घरातले बाकी आम्ही कोणी जात नसू. माहेराहून आखाजीचं बोलावणं यायचं, मी परत पाठवायची. पहिल्याच वर्षी कानावर आलं, लहानुजी पुलाच्या कामावर दगड वाहतात. मी सासूला म्हटलं, बघा, लेकीचं जाळं जाळलं आणि स्वतः पुलाच्या पैशाला चटावला. साठीच्या घरात आलेला माणूस दगड का वाहील, हे मला एकदाही विचारावंसं वाटलं नाही. राग आला की माझं असंच होतं.

लढाई संपली, कापूस पडला, लोकांनी पुन्हा ताग पेरला. मी पुन्हा जाळं विणलं, तागाचं. चौथ्या आखाजीला आम्ही सगळे वाळूत गेलो. बा वाकला होता. त्याने माझं जाळं बुडवलं, पट्टी घातली, पट्टी सरळ गेली. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

शेवटी सासऱ्यांनी पलीकडची जाळी मोजायला घेतली. सगळ्यांत मागे बाचं जाळं आलं. कोरडं, धुळीने भरलेलं, कडेला उंदरांनी कुरतडलेलं. पाण्यात टाकलं तर धूळ वर तरंगली. हे जाळं पाण्याला लागून वर्षं लोटली होती, ते आंधळ्यालाही कळलं असतं. सासऱ्यांनी पट्टी घातलीच नाही. ती हातात धरून ते माझ्याकडे वळले आणि म्हणाले, “मैने, तुह्या बापानं तुहं जाळं जाळलं तवापासून आपलंबी जाळं बांधून ठेवलं होतं. तीन वर्सं. मले सांगू देलं नाई.”

मी बाजवळ गेले. त्याच्या तळहाताला दगडांचे घट्टे पडले होते. मी विचारलं, असं काहून केलं.

बा म्हणाला, “तुले म्या शिकवलं. तागाचं सांगतलं, कापसाचं सांगाचं राह्यलं. मंग अर्धी चूक माही.”

“मंग मले काहून सांगतलं नाई? म्या तुले काय काय बोलली.”

तो जरा वेळ जाळं पिळत राहिला. “सांगतलं असतं, त तू माही बाजू घेतली असती. त्या घराचा डोह बंद, अन् सून बापाची बाजू घेते. त्यायनं तुले कधी आपली म्हटलं असतं का? तू रागावली थेच बरं झालं, बाई.”

मागे गोदाबाई उभी होती. तिने सगळं ऐकलं. ती पदराने तोंड पुसून चुलीकडे गेली.

दुपारी पहिलं जाळं पडलं. हातभर रोहू निघाले, मरळ निघाली, आणि पिल्लं सगळी घरांतून निसटून खाली गेली. दोन्ही गावं वाळूत जेवायला बसली. मला सासूने हाताला धरून बाच्या शेजारी बसवलं. त्याने माझ्या पानातला रोहूचा तुकडा उचलला, लहानपणी करायचा तसे त्यातले काटे एकेक काढून आपल्या पानाच्या कडेला ठेवले, आणि तुकडा मला परत दिला.